सात नंबरचा खिळा

त्याने मला पहिल्या दिवसापासून अरेतुरे केलं, आणि माझ्या मजुरांना अहोजाहो. "अहो, ती पहार जरा बाजूला घेता का?" हे माझ्या बिगाऱ्याला. लगेच वळून मला, "तू मध्ये उभा राहू नकोस रे." मी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. विक्रोळीला जुन्या सागाच्या लाकडाचं माझं स्वतःचं गोदाम आहे, आणि पाठीशी कुणी नसताना मी ते उभं केलंय. मी चिडून विचारलं, "त्यांना अहो आणि मला अरे, हे कुठलं शास्त्र?"

तो म्हणाला, "ज्याच्या हातात हातोडा आहे त्याच्याशी नीट बोलावं. तुझ्या हातात मोबाइल आहे."

म्हणून मीही इथे त्या फोटोग्राफरला 'तो' म्हणणार. तोंडावर 'तुम्ही'च म्हणायचो. साठीच्या पुढचा माणूस होता.

घाटकोपरला एक फार जुनं सूतिकागृह होतं. बाहेरून दगडी, वर कौलं, आत मधोमध दुमजली उंचीचा हॉल आणि त्याच्या चारी बाजूंनी पहिल्या मजल्यावर लाकडी सज्जा. सज्ज्याला लागून बाळंतिणींच्या खोल्या. निम्मं घाटकोपर तिथे जन्मलं असं लोक सांगायचे. ज्या ट्रस्टची ही इमारत, त्यांनी ठरवलं की बाहेरच्या भिंती आणि छप्पर तसंच ठेवायचं, आतलं सगळं काढून डायलिसिस सेंटर करायचं. आतलं काढण्याचं काम मी घेतलं. आत काय होतं, ते कसं निघालं आणि त्या जागी काय आलं याचे फोटो काढायचं काम त्याला दिलं. मला वाटलं, दोन दिवस येईल, फ्लॅश मारेल, जाईल. तो रोज आला.

स्कूटरवर यायचा, मुलुंडहून. तिपाई सुतळीने मागे बांधलेली, उसाच्या मोळीसारखी. पहिल्या दिवशी त्याने एकही फोटो काढला नाही. दिवसभर नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. दुसऱ्या दिवशी खिशातून पितळेच्या डोक्याचे खिळे काढले आणि फरशीच्या सांध्यांत ठोकायला लागला. बारा जागा, बारा खिळे. प्रत्येकाशेजारी ऑइलपेंटने बारीक नंबर. मग तिपाईच्या पोटातून गवंड्याचा ओळंबा खाली सोडायचा, ओळंब्याचं टोक बरोबर खिळ्याच्या डोक्यावर आलं की मगच कॅमेरा. कॅमेऱ्याची उंची मोजायला वेताची काठी, तिला खाच. रोज त्याच बारा जागा, तीच उंची, तीच वेळ.

ओळंबा बघून माझी माणसं त्याच्यावर खूश झाली. हा आपल्यातलाच आहे असं त्यांना वाटलं. मी खूश झालो नाही. खिळ्याच्या आसपास कुणी घमेलं ठेवलं, तोडलेल्या भिंतीचं राबिट टाकलं की तो काम थांबवायचा.

एकदा तर सकाळी आठ माणसं हातावर हात धरून बसवली. का, तर तीन नंबरच्या खिळ्यावरून जी खोली दिसते, तिच्या झरोक्यातून ऊन अजून खाली उतरलं नव्हतं. मी ओरडलो, "सूर्य काय तुमच्या घरचा नोकर आहे का?"

"नाही ना," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर थांबावं लागतं."

त्याचा दुसरा नियम म्हणजे फोटोत माणूस नको. कुणीच नको. मान नको, कोपर नको, लोंबणारा टॉवेलसुद्धा नको. तिपाई लागली की तो खच्चून ओरडायचा, "फ्रेममधून बाहेर!" दगडी हॉलमध्ये तो आवाज असा घुमायचा की बाहेर रस्त्यावरचा भाजीवाला वळून बघायचा. माणसं हातातलं टाकून बाजूला व्हायची. मी विचारलं, "यांचे फोटो आले तर काय बिघडतं? बिचारे खूश होतील." तर म्हणे, "मोकळी खोली खरं सांगते. माणूस आत आला की ती पाहुणे आल्यासारखी वागायला लागते."

माझा मुकादम बाबल याला हा नियम म्हणजे खेळणंच मिळालं. बाबल माझ्याच गावचा, कुडाळच्या अलीकडचा. तीस वर्षं माझ्याबरोबर. मुंबईत येऊनही त्याने मालवणी सोडली नाही. तो मुद्दाम खांबाआडून खांदा बाहेर काढायचा, नाहीतर खिडकीत हात ठेवायचा.

"बाबलराव, खांदा."

"माझो नाय हो. खांबाक फुटलोहा."

"फ्रेममधून बाहेर!"

एका सकाळी तो हातात फोटोची प्रत घेऊन आला. त्याचा स्क्रीनवर विश्वास नव्हता. संध्याकाळी लॅबमधून बाराही फोटो छापून आणायचा. म्हणायचा, "मोबाइलवर बोटाने मोठं करता येतं, म्हणून माणूस नीट बघतच नाही." तर त्या दिवशीच्या फोटोत खांबाच्या बुडाशी एक पायाचा अंगठा आला होता. बाकी माणूस खांबाआड. याने सगळ्यांना रांगेत उभं केलं, चपला काढायला लावल्या, आणि फोटो धरून प्रत्येकाचे पाय बघत वाकून चालला. पोलीस ओळखपरेड करतात तसं. बाबलच्या उजव्या अंगठ्याचं नख लहानपणी बैलाच्या पायाखाली येऊन वाकडं झालं होतं. तिथे येऊन तो थांबला.

"बाबलराव, हा आपला."

"माझोच. बरो इलोहा."

सगळी माणसं पोट धरून हसली. तोही हसला, पहिल्यांदाच. मग दुपारच्या चहाला बाबलने आपल्या डब्याच्या झाकणात चहा ओतून त्याला दिला. तिथून पुढे रोज तो बाबलच्या झाकणातूनच चहा प्यायचा, आणि झाकण स्वतः विसळून परत करायचा. माझा चहा त्याने कधी घेतला नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणारा मी नाही.

बाबलची एक सवय सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. मी कुठलाही सौदा करून आलो, मग तो लाकडाचा असो नाहीतर टेम्पोच्या भाड्याचा, की बाबल विचारायचा, "कितीक सांगल्यान? आणि तू कितीक तोडलंस?" समोरच्याने मागितलेला आणि मी खाली आणलेला आकडा मी सांगायचो. तो ऐकून बाबल आपल्या उजव्या मांडीवर अशी थाप मारायचा की जसा काही सौदा त्यानेच केला. तीस वर्षं मी घासाघीस केली त्यातली निम्मी त्या थापेसाठी केली असेन. समोरच्याने शंभर म्हटलं आणि मी शंभराला हो म्हटलं, असं माझ्या आयुष्यात कधी झालेलं नाही. समोरचा काय मागतोय हे ऐकायच्या आधीच माझ्या डोक्यात त्याचं निम्मं तयार असतं.

आता त्या म्हाताऱ्या बाईंची गोष्ट. काम सुरू असताना लोक यायचे, "आमचा जन्म इथला, जरा आत बघू का?" मी कुणाला सोडायचो नाही. डोक्यात वीट पडली तर कोण निस्तरणार? एक बाई मात्र त्याच्याबरोबर आत शिरल्या. चांगल्या ऐंशीच्या. पाच नंबरच्या खोलीत त्यांची तिन्ही बाळंतपणं झाली होती. खोलीत आता काहीच नव्हतं, नुसता चुन्याचा धुरळा. त्या म्हणाल्या, "माझा एक फोटो काढा इथे उभ्याने."

मला वाटलं, आता तरी काढेल. त्याने मान हलवली. "आजी, तुम्ही हवं तितकं थांबा. फोटो तुम्ही गेल्यावर काढतो."

मला इतका राग आला! म्हातारी बाई, एक फोटो मागते. मी म्हटलं, "अहो काका, माणूस आहात का कोण?" त्याने ऐकलं नाही. त्या बाई खोलीभर फिरल्या, खिडकीपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या, पाळणा कुठे होता ते दाखवलं, आणि गेल्या. मग याने फोटो काढला. दुसऱ्या दिवशी प्रत आणून माझ्यासमोर धरली. रिकामी खोली. धुळीत त्यांच्या चपलांचे ठसे. दारातून पाळण्याच्या जागेपर्यंत, तिथून खिडकीपर्यंत, खिडकीपाशी ठसे एकमेकांत मिसळलेले, आणि परत. पत्ता शोधून त्याने ती प्रत त्यांना नेऊन दिली. याचाही मला राग आला.

असा माणूस.

आता शुक्रवार.

आधीच्या शनिवारी आम्ही हॉलच्या पश्चिमेच्या बाजूची, सज्ज्याखालची एक आडभिंत काढली होती. विटांची पातळ भिंत, नंतर कधीतरी घातलेली. तिच्यावर कसलंही वजन नाही असं नकाशात होतं आणि इंजिनियरनेही सांगितलं होतं. तरी मी सज्ज्याच्या तुळईला टेकू दिले होते. टेकू मी कमी लावले नव्हते, हे इथे लिहून ठेवतो. पुढे सगळ्यांनी मोजले, कमी निघाले नाहीत.

शुक्रवारी साडेअकराच्या सुमाराला तो माझ्याकडे आला. मी फाटकाशी टेम्पोवाल्याशी बोलत होतो. त्याच्या हातात सात नंबरचे दोन फोटो होते आणि एक बटर पेपर.

"जरा बघ."

त्याची ही रीतच होती. पहिल्या फोटोवर बटर पेपर ठेवून सगळ्या रेघा पेन्सिलने गिरवून घ्यायच्या, मग तो कागद रोजच्या नव्या फोटोवर ठेवायचा. रेघांवर रेघा बसल्या म्हणजे तिपाई बरोबर लागली. सात नंबरवरून हॉलची पश्चिम बाजू दिसायची. वर सज्जा, आणि सज्ज्याच्या मागच्या भिंतीला हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा, जुन्या दवाखान्यात असतो तसा. आडभिंत गेल्यावर सोमवारी त्याने नवा कागद गिरवला होता; तो त्याने गुरुवारच्या फोटोवर ठेवला. खांबांवर खांब बसले. खिडक्यांवर खिडक्या. सज्ज्याची तुळई मात्र पेन्सिलच्या रेघेच्या खाली होती आणि तिच्यावर हिरवा पट्टा जरा जास्त दिसत होता. फरक किती? तांदळाच्या दाण्याएवढा.

"तुमचा खिळा हलला असेल," मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं. मंगळवारी पहिल्यांदा दिसलं. तीन दिवस मी खिळाच तपासतोय. काढून परत ठोकला. दोन्ही भिंतींपासून टेपने मोजला. ओळंबा बदलला. काठी बदलली." त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "खिळा हललेला नाही रे. तुळई खाली येतेय. फोटोत दाणा आहे, तिथे वर चार बोटं असतील."

"मग आता?"

"काम थांबव. दोन दिवस. सगळ्यांना बाहेर काढ. इंजिनियर येऊन वर चढून बघेपर्यंत कुणी आत जायचं नाही."

दोन दिवस म्हणजे शनिवार गेला, रविवार गेला. मजूर नाक्यावर दुसरं काम धरतात, सोमवारी निम्मेच परत येतात. ट्रस्टचे सेक्रेटरी तारखेसाठी माझ्या मानगुटीवर बसलेले. हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण खरं सांगायचं तर यातलं काहीही नसतं तरी मी दोन दिवसांना हो म्हटलं नसतं. त्याने दोन म्हटलं आणि माझ्या डोक्यात एक तयार झाला. एकाचं अर्धं झालं.

"दोन दिवस नाही जमणार काका. तांदळाच्या दाण्यासाठी?"

"एक दिवस दे. आजचा पूर्ण."

"हे बघा, तुमचाही मान राहू दे, माझंही काम राहू दे. जेवणाची सुट्टी आत्ताच देतो, एक वाजेपर्यंत. हातोडा बंद. तेवढ्यात इंजिनियरला फोन लावतो. तो म्हणेल ते."

"दीड तास?"

"दीड तास म्हणजे दीड तास."

 त्याला घासाघीस येत नव्हती. आयुष्यात कधी केलीच नसावी. एवढा ओरडणारा माणूस, पण तिथे ओरडला नाही. "बरं," म्हणाला, आणि सात नंबरचा सगळा गठ्ठा दाखवायला आणतो म्हणून स्कूटरकडे गेला.

मी बाबलला हाक मारली. "आज जेवण लवकर घ्या रे. एक वाजता कामाला लागा."

"कित्याक?"

"सांगतोय ना."

का ते मी सांगितलं नाही. 'धोका' हा शब्द एकदा साइटवर फिरला की माणसं टिकत नाहीत. एवढाच हिशेब. मी फाटकाबाहेर झाडाखाली जाऊन इंजिनियरला फोन लावला. तो पवईला दुसऱ्या साइटवर होता, संध्याकाळी येतो म्हणाला.

आणि माझी माणसं जेवायला कुठे बसायची, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रोज मी त्यांना तिथेच बसलेलं बघत होतो. घामाने थबथबलेली माणसं जेवायला सावली शोधतात, आणि त्या इमारतीत सगळ्यात गार जागा एकच होती. हॉलची पश्चिम बाजू. सज्ज्याखाली.

मी फोनवर असतानाच आतून त्याचा आवाज आला. "फ्रेममधून बाहेर!"

मला चीड आली. म्हटलं, बघा, हातोडा बंद करायला लावला आणि स्वतः फोटो काढत बसलाय.

आत काय झालं ते नंतर माणसांनी सांगितलं. गठ्ठा घेऊन तो हॉलमध्ये आला तेव्हा माझी नऊ माणसं आणि बाबल सज्ज्याखाली डबे उघडून बसली होती. तो दारातच थबकला. तुळई पडतेय असं ओरडला असता तर काय झालं असतं? माणसं आधी वर बघतात. काय, कुठे, कशी, म्हणून बघत बसतात. दहाजणांना एका शब्दात उठवायचं म्हटलं तर त्याच्याकडे एकच शब्द होता, रोज ऐकून त्यांच्या अंगवळणी पडलेला. त्याने सात नंबरवर तिपाई आपटली, ओळंबासुद्धा सोडला नाही, आणि ओरडला. माणसं कुरकुरली. "जेवताना तरी सोडा की काका!" पण उठली. डबे उचलून, कुणी घास तोंडात धरून, हसत समोरच्या भिंतीशी गेली.

बाबल उठला नाही. तो त्याचा खेळच होता. "हंय गार वाटता हो. आज जेवतलो, आणि फ्रेममध्येच जेवतलो. काढाच माझो एक फोटो."

"बाबलराव, बाहेर. बाहेर या!"

"काढल्याशिवाय उठणंय नाय."

मग त्याने काढला. एवढा एक फोटो, मग हा उठेल, म्हणून. बाबलने डब्याचं झाकण सलाम केल्यासारखं कपाळाशी नेलं, बटण दाबल्याचा आवाज आला, आणि बाबल खरोखरच उठायला लागला. एक पाय उभा केला होता त्याने.

मला बाहेर आवाज आला तो लाकूड मोडल्याचा नव्हता. पोती टाकल्यासारखा होता, एकावर एक, दबका. मग हॉलच्या दारातून चुन्याचा पांढरा लोट बाहेर आला. मोबाइल माझ्या कानाशीच होता. तो कुठे पडला हे मला आजही आठवत नाही.

आत काही दिसत नव्हतं. धूळ खाली बसली तेव्हा तो मला दिसला. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चुना उपसत होता, नखं फुटलेली. मी तुळईला खांदा दिला. माझी माणसं आली. पहार लावून आम्ही ती उचलली. बाबल शुद्धीवर होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "माझो डबो खंय गेलो रे?"

त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

पोलीस आले, पंचनामा झाला. इंजिनियर वर चढला. तुळईचं जे टोक दगडी भिंतीत होतं ते आतून भुश्शासारखं कुजलं होतं. वर पूर्वी न्हाणीघर होतं, वर्षानुवर्षं पाणी झिरपलेलं. बाहेरून रंग लावलेला, कुणाला दिसणार? टेकू होते ते तुळईच्या मधल्या भागाला; हे टोक ती आडभिंतच कशीबशी पेलून होती. नकाशात काय लिहिलंय ते त्या भिंतीला ठाऊक नव्हतं.

त्याचा जबाब माझ्यासमोरच घेतला. मी खुर्चीवर बसून वाट बघत होतो, की आता हा सांगणार. मी दोन दिवस मागितले, याने दीड तास दिला. माणसांना कारण सांगितलं नाही. मी माझी उत्तरं तयार ठेवली होती. भांडायची पूर्ण तयारी होती.

तो म्हणाला, "फरक मला मंगळवारी दिसला. तीन दिवस मला वाटत राहिलं की माझाच खिळा चुकतोय. ठेकेदारांना मी शुक्रवारी सांगितलं. सांगितल्याबरोबर त्यांनी काम थांबवलं."

एवढंच. यातला शब्दन् शब्द खरा होता. त्यातल्या एकाही शब्दाला मला हात लावता आला नाही. सही करण्याआधी 'मंगळवारी' हा शब्द नीट लिहिलाय ना, हे त्याने पट्ट्या बांधलेलं बोट ठेवून तपासून घेतलं, आणि मला कळलं की तो मला वाचवत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की चूक त्याची आहे. सगळीच्या सगळी त्याने उचलली, माझ्या वाट्याची शिल्लकच ठेवली नाही.

लोकांना सांगितलं तर हसतील, पण माझी त्याच्याबद्दलची तक्रार ती हीच आहे. मी आयुष्यात कुणाचं काही फुकट घेतलेलं नाही. त्याने मला फुकट दिलं, न मागता दिलं, आणि दिलंय हे त्याला माहीतही नाही.

हॉस्पिटलच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो तेव्हा तो मला म्हणाला, "तुम्ही जरा पडा. मी बसतो इथे."

तुम्ही. मी चमकून बघितलं. त्या दिवसापासून त्याने मला कधीच अरे म्हटलं नाही. तुळईला खांदा दिला म्हणून असेल. त्याच्या एका 'अरे'शी मी महिनोन् महिने भांडलो होतो. या 'तुम्ही'शी कसं भांडायचं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी त्याला काहीतरी घ्यायला लावायचा प्रयत्न केला. सूतिकागृहाचे सागवानी दरवाजे माझ्याकडे आले होते, पितळी बिजागऱ्यांसकट. त्यातला सगळ्यात चांगला मी त्याच्यासाठी ठेवला. म्हणाला, "दरवाजा लावायला भिंत लागते. माझ्या घरात आहेत त्या भिंतींना दरवाजे आहेत." टेबल करून देतो म्हटलं. "नको." बाबलचं सगळं मी बघतो आहे, म्हटलं. "ते तुम्ही करणारच होता," म्हणाला. काम त्याने पुरं केलं. अकरा खिळ्यांवरून रोज शेवटपर्यंत. सात नंबरवर तिपाई परत लावली नाही. सेंटर सुरू झालं तेव्हा जिन्याच्या भिंतीवर त्याचे फोटो लावले, आधीचे, मधले, नंतरचे, आणि सातव्या जागी नुसती रिकामी चौकट होती. सेक्रेटरींनी मला विचारलं, "ही का रिकामी?" मी म्हटलं, "त्यांनाच विचारा." त्यांनी विचारलं नसावं.

गेल्या महिन्यात तो गोदामात आला. मी आत फळ्या मोजत होतो. बाबल आता गोदामातच बसतो, दाराशी खुर्ची टाकून. जयपूर फूट आहे, पण उन्हाळ्यात घाम येतो म्हणून काढून ठेवतो. तो बाबलशेजारी बसला. बाबलने डब्याच्या झाकणात चहा ओतला. नवं झाकण. तो प्यायला, विसळलं, पुसलं, परत दिलं. उठताना माझ्याकडे येऊन एक पाकीट दिलं.

"हे तुमच्याकडे असू द्या. माझ्याकडून आता बघवत नाही."

गेला. मी पाकीट उघडलं. सात नंबरचा सोमवारचा फोटो. बटर पेपर. शुक्रवारचा तो फोटो, ज्यात बाबल सज्ज्याखाली बसून झाकणाने सलाम करतोय. त्याने काढलेल्या सगळ्या फोटोंतला एकमेव माणूस. आणि तळाशी अजून एक, खांबाच्या बुडाशी आलेल्या अंगठ्याचा.

"काय दिल्यान?" बाबलने दारातून विचारलं.

पाकीट खिशात घालता आलं असतं. जबाबात काही नव्हतं, कागदावर कुठे काही नव्हतं, आणि सांगणारा आत्ताच स्कूटर सुरू करून गेला होता. मी एक स्टूल ओढलं आणि बाबलच्या पुढ्यात बसलो.

त्याने आधी अंगठ्याचा फोटो उचलला. बराच वेळ बघितला. "ह्यो बघ," म्हणाला, "मेल्याचा नख तसाच वाकडा." आणि हसला. मग मी सोमवारचा फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. त्यावर बटर पेपर. मग तोच पेपर, खांबांवर खांब येतील असा सरकवून, शुक्रवारच्या फोटोवर, त्याच्या स्वतःच्या डोक्यावर. तीस वर्षं लाकूड बघितलेला माणूस आहे तो. तुळई कुठे आहे आणि रेघ कुठे आहे हे त्याला सांगावं लागलं नाही.

"ह्या तेका आधीच दिसला होता?"

"हो. त्याने मला येऊन सांगितलं. तुम्ही जेवायला बसायच्या आधी."

 रस्त्यावरून टेम्पो गेला, गोदामाचा पत्रा हलला. मग बाबलने विचारलं, आवाज जराही न चढवता, जसा तीस वर्षं विचारत आलाय तसा.

"कितीक सांगल्यान?"

"दोन दिवस."

"आणि तू कितीक तोडलंस?"

"दीड तासावर आणलं."

सवयीने त्याचा उजवा हात वर गेला. मांडीपर्यंत आला, आणि फोटोवर नुसता टेकला.